उरणची भट्टी, हैदराबादचा क्लोरोफॉर्म आणि हृदयाचा स्नायू

मुंबई बंदराच्या पलीकडे, ज्या भूभागाला पूर्वी करंजा बेट म्हणत असत त्यावर वसलेल्या उरणची ओळख एकोणिसाव्या शतकात भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांच्याबरोबरच दारूच्या भट्ट्यांमुळेही होती. १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेला आणि पुढे कुलाबा जिल्ह्यात गेलेला हा परिसर मुंबईला इतका जवळ होता, की गुजरातेतील पंचमहालच्या बाजूने आगगाडीने मुंबईस आलेली मोहाची वाळलेली फुले होड्यांनी खाडीपार नेणे आणि गाळलेली दारू त्याच जलमार्गाने शहरात परत आणणे व्यापाऱ्यांना सहज परवडत असे. भट्ट्या मुख्यतः पारशी मालकांच्या होत्या, त्यांच्यावर सरकारी पहारा असे आणि मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत राबणाऱ्या माणसांच्या पेल्यात पडणारा मोठा हिस्सा येथूनच जात असे. १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ही फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. त्यामागचा हेतू गावोगावी चोरून लागणाऱ्या चुली बंद करून परवान्याच्या भट्टीकडे, म्हणजेच अबकारी महसुलाकडे, सगळा व्यवहार वळवण्याचा होता आणि त्याची झळ रानात फुले वेचून खाणाऱ्या आदिवासींना सर्वांत जास्त बसली, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

भट्टीचे काम वरवर साधे होते. फुले पाण्यात भिजत घालून आंबवायची, आंबलेले द्रावण तापवायचे आणि उठलेली वाफ थंड करून थेंबाथेंबाने गोळा करायची, एवढाच त्याचा क्रम होता. पाण्याआधी मद्यार्क उकळतो, म्हणून सुरुवातीला उतरणारी पहिल्या धारेची दारू अतिशय कडक असते आणि पुढची धार उत्तरोत्तर फिकी होत जाते. सरकारला कर हवा होता तो नुसत्या गॅलनांवर नव्हे, तर त्या गॅलनांतील कडकपणावर, आणि त्यामुळे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतरच्या व्यवस्थेत प्रत्येक गाळपाची तीव्रता हायड्रोमीटर नावाच्या तरंगत्या काचयंत्राने किंवा धातुयंत्राने मोजली जाई. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असल्याने द्रव जितका कडक तितके यंत्र खोल बुडते, हे त्यामागचे तत्त्व. ‘लंडन प्रूफ’ ही मोजणीची खूण म्हणजे आजच्या हिशेबाने आकारमानात सुमारे ५७ टक्के मद्यार्क, आणि त्या खुणेच्या २५ अंश खाली असलेली म्हणजे सुमारे ४३ टक्क्यांची, तसेच ६० अंश खाली असलेली म्हणजे सुमारे २३ टक्क्यांची, अशा ठरलेल्या दोन तीव्रतांची देशी दारू मुंबईत विकली जाई. पिणाऱ्याच्या पोटात जाणाऱ्या गुंगीच्या द्रव्याचे प्रमाण सरकारी कारकुनाच्या वहीत अंशापर्यंत लिहिलेले असे. त्याच दशकांत दवाखान्यातील टेबलावर निजलेल्या रुग्णाच्या छातीत जाणाऱ्या गुंगीच्या द्रव्याचे प्रमाण मात्र बहुतेक ठिकाणी कोणीच मोजत नव्हते, आणि ही तफावत वैद्यकाच्या इतिहासात फार महागात पडली.

उरणचा माल पिण्यासाठीच होता, पण मद्यार्क आणि शस्त्रक्रियेतील भूल यांचे नाते रक्ताचे आहे. मद्यार्क आणि गंधकाम्ल एकत्र तापवले की ईथर मिळते. मद्यार्क चुन्याच्या विरंजक भुकटीबरोबर, म्हणजे कापड पांढरे करण्याच्या ब्लीचिंग पावडरीबरोबर, गाळला की क्लोरोफॉर्म मिळतो. १८३१ मध्ये अमेरिकेतील सॅम्युअल गथ्री यांनी नेमका असाच प्रयोग केला आणि हाती आलेल्या गोड, सुवासिक द्रवाची चव घेण्यातही त्यांना धोका दिसला नाही. त्याच सुमारास फ्रान्समध्ये सुबेराँ आणि जर्मनीत लीबिग यांनीही तो स्वतंत्रपणे मिळवला. त्याआधीच्या काळात, हाडे कापताना किंवा गळवे फोडताना, दारू आणि अफू हाच रुग्णाचा आधार होता, आणि वेदना बधिर होण्याइतकी दारू पाजली तर श्वास व नाडी दोन्ही धोक्यात येतात हे शस्त्रवैद्यांना अनुभवाने ठाऊक होते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून वेदनारहित शस्त्रक्रिया दाखवली, पुढच्याच वर्षी मार्चमध्ये ईथर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजमध्ये वापरले गेले, आणि नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणला. क्लोरोफॉर्म थोडा लागे, लवकर चढे आणि ईथरसारखा पेट घेत नसे. उष्ण हवेत भराभर उडून जाणाऱ्या, ज्वालाग्राही ईथरपेक्षा तो हिंदुस्थानातील डॉक्टरांना फार सोयीचा वाटला आणि येथे त्याचेच राज्य अनेक दशके राहिले.

सिम्पसन यांच्या घोषणेला तीन महिने होण्याआधीच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली काही मिनिटांत दगावली. तिचा चेहरा फिका पडताच तोंडावर पाणी मारले गेले आणि घशात ब्रँडी ओतली गेली, कारण त्या काळी ब्रँडी हे हृदयाला उभारी देणारे औषध समजले जाई. सिम्पसन यांनी मृत्यूचे खापर पाणी आणि ब्रँडीने घुसमटण्यावर फोडले. लंडनचे जॉन स्नो यांनी मात्र वाफ फार तीव्र गेल्याने हृदयच थेट बंद पडले, असे निदान केले. श्वास आधी थांबतो की हृदय, हा वाद येथून सुरू झाला आणि तो साठ वर्षांहून अधिक काळ चालला.

स्नो हे या विषयाचे पहिले खरे शास्त्रज्ञ होत. कॉलऱ्याचा प्रसार पाण्यावाटे होतो हे दाखवल्याबद्दल त्यांची कीर्ती आहे, परंतु क्लोरोफॉर्मबाबतचे त्यांचे काम तेवढ्याच तोलाचे आहे. प्राण्यांवरील प्रयोगांतून त्यांनी दाखवले, की श्वासाच्या हवेत क्लोरोफॉर्मची वाफ चार-पाच टक्के असेल तर आधी श्वसन मंदावते आणि सावध होण्यास वेळ मिळतो, पण ती दहा टक्क्यांच्या आसपास गेली तर हृदय श्वासाबरोबर किंवा त्याच्याही आधी लुळे पडू शकते. म्हणून त्यांनी वाफेचे प्रमाण मर्यादित ठेवणारे उपकरण तयार केले. एडिंबरोच्या जेम्स साइम यांच्या परंपरेने मात्र नेमकी उलट शिकवण दिली. रुमालावर क्लोरोफॉर्म सढळ हाताने ओतावा, नाडीकडे नव्हे तर श्वासाकडे लक्ष द्यावे आणि श्वास नीट चालू असेल तर हृदयाची चिंता करू नये, असे ती सांगे. ही शिकवण सोपी होती, उपकरणाशिवाय चालत होती, आणि साइम यांच्या हाताखाली शिकलेल्या एडवर्ड लॉरी यांच्याबरोबर ती हैदराबादला आली.

मराठवाड्याचे जिल्हे ज्या संस्थानात होते त्या निजामाच्या राज्यात लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख होते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने नेमलेल्या ग्लासगोच्या समितीने १८८० मध्ये क्लोरोफॉर्म रक्तदाब उतरवतो आणि हृदयावर अनपेक्षित आघात करतो असा निष्कर्ष काढला होता. लॉरी यांना तो मान्य नव्हता. १८८८ मध्ये त्यांनी पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसवला आणि श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो असा निर्णय दिला. ‘लॅन्सेट’ने शंका घेतली तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी त्या नियतकालिकाच्या प्रतिनिधीला हैदराबादला आणण्यासाठी एक हजार पौंड देऊ केले. लंडनहून थॉमस लॉडर ब्रंटन आले. ते स्वतः हृदयावरील औषधांचे मोठे अभ्यासक होते, आणि क्लोरोफॉर्म हृदयालाही अपाय करू शकतो असे त्यांचे येण्यापूर्वीचे मत होते. ऑक्टोबर ते डिसेंबर १८८९ या काळात दुसऱ्या आयोगाने चारशेहून अधिक प्राण्यांवर, मुख्यतः कुत्र्यांवर आणि काही माकडांवर, प्रयोग केले, त्यांतील अनेकांच्या रक्तदाबाच्या रेषा फिरत्या कागदावर उमटवल्या, आणि शेवटी ब्रंटन यांचेही मत पालटले. मृत्यू गुदमरून होतो, हृदयाच्या थेट बंद पडण्याने नव्हे, असे आयोगाने जगाला कळवले. हैदराबाद मेडिकल स्कूलच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी डॉक्टर याच वातावरणात तयार झाल्या, पुढे वर्षानुवर्षे तेथील रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देत राहिल्या आणि १९०९ मध्ये अधिक शिक्षणासाठी एडिंबरोलाही गेल्या. जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

आयोगाची मेहनत अफाट होती आणि तिच्या प्रामाणिकपणाबद्दल संशय घेण्यास जागा नाही. दोष होता तो प्रश्नाच्या मांडणीत. आयोगाच्या स्वतःच्या आलेखांत रक्तदाब हळूहळू उतरताना दिसत होता, पण ही उतरण निरुपद्रवी, किंबहुना रक्षण करणारी मानली गेली, आणि हृदयाच्या स्नायूचे बळ कमी होत असल्याची ती खूण असू शकते या शक्यतेकडे कोणी वळले नाही. आधी काय थांबते एवढेच विचारल्यामुळे, थांबण्यापूर्वी काय दुबळे होत जाते हा प्रश्नच पुढे आला नाही. शिवाय एकसारखा खोल क्लोरोफॉर्म दिलेला निरोगी कुत्रा आणि भीतीने थरथरणारा, अर्धवट गुंगीत असलेला रुग्ण यांची हृदये एकाच अवस्थेत नसतात, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

१८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी एक अत्यंत अवघड प्रयोग करून मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह आणि हृदयाकडे जाणारा रक्तप्रवाह वेगळे केले. क्लोरोफॉर्म केवळ मेंदूकडे पाठवला असता रक्तदाब उतरला नाही, उलट वाढला. तो हृदयाकडे गेला तेव्हाच उतरला, म्हणजे औषध हृदयालाच दुबळे करत होते. पुढे ऑस्कर लँगेनडॉर्फ यांनी शरीराबाहेर काढलेले सस्तन प्राण्याचे हृदय पोषक द्रावणावर धडधडत ठेवण्याची पद्धत दिली, आणि शेरिंग्टन व सोटन यांनी तशाच वेगळ्या काढलेल्या हृदयातून क्लोरोफॉर्मयुक्त द्रावण सोडून, प्रमाण वाढेल तसे आकुंचन कमी होत जाते हे दाखवले. तेथे फुप्फुस नव्हते, मेंदू नव्हता, गुदमरण्याचा प्रश्नच नव्हता. याच काळात ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या नव्या समितीसाठी व्हर्नन हारकोर्ट यांनी क्लोरोफॉर्मची वाफ दोन टक्क्यांवर जाऊच देणार नाही असे हुंगण्याचे यंत्र तयार केले, आणि उरणच्या भट्टीवर करासाठी कधीच रुळलेली तीव्रता मोजण्याची शिस्त अखेर भुलीच्या टेबलापर्यंत पोहोचली. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी वादाचा उरलेला धागा सोडवला. हलक्या क्लोरोफॉर्मखाली असलेल्या मांजरांना ॲड्रेनलिन टोचले की हृदयाचे खालचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे जाणे थांबते. भय हे शरीरातच ॲड्रेनलिन सोडते, त्यामुळे हॅना ग्रीनरसारख्या तरुण, धडधाकट, घाबरलेल्या रुग्णांचे शस्त्रक्रियेच्या अगदी आरंभीचे मृत्यू या शोधाने समजण्याजोगे झाले.

हृदयाचा स्नायू दुबळा होतो म्हणजे नेमके काय होते, याचे उत्तर ज्या शोधावर उभे आहे तो हैदराबादच्या आयोगाच्याही आधीचा आहे. १८८२-८३ मध्ये लंडनचे सिडनी रिंगर यांना दिसले, की शुद्ध गाळलेल्या पाण्यातील मिठाच्या द्रावणात बेडकाचे हृदय लवकरच थांबते, पण नळाच्या पाण्यातील द्रावणात चालू राहते, आणि फरक पाण्यातील चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, आहे. निरनिराळ्या मद्यार्कांचा बेडकाच्या हृदयावर काय परिणाम होतो याचाही अभ्यास रिंगर यांनी केला होता. पण हे दोन धागे, कॅल्शियम आणि गुंगीची द्रव्ये, एकत्र विणण्यास आणखी जवळजवळ शतक लागले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हृदयाची एकेक स्नायुपेशी सुटी करून सूक्ष्मदर्शकाखाली धडधडताना पाहणे आणि तिच्यातील कॅल्शियमची चढउतार चमकणाऱ्या रंगद्रव्यांनी मोजणे शक्य झाले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. विजेचा आवेग पेशीच्या आवरणावर येतो, आवरणातील कॅल्शियमची दारे क्षणभर उघडतात आणि थोडे कॅल्शियम आत शिरते. हे थोडे कॅल्शियम पेशीच्या आतील जाळीदार कोठाराला इशारा देते आणि कोठारातून पुष्कळ अधिक कॅल्शियम बाहेर पडते. ते ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रकारच्या तंतूंना एकमेकांवर सरकण्याची मोकळीक मिळते आणि पेशी आखडते. मग कॅल्शियम परत कोठारात ओढले जाते आणि पेशी सैल पडते. माणसाच्या प्रत्येक ठोक्यात कोट्यवधी पेशींमध्ये हे चक्र एकदा पूर्ण होते. वायुरूप भूलद्रव्ये या साखळीच्या प्रत्येक कडीवर थोडाथोडा भार टाकतात. ती आवरणावरची दारे कमी उघडू देतात, कोठारातला साठा घटवतात आणि तंतूंचा कॅल्शियमला मिळणारा प्रतिसादही किंचित मंद करतात.

१९५१ मध्ये चार्ल्स सकलिंग यांनी बनवलेले आणि १९५६ पासून रुग्णांना दिले गेलेले हॅलोथेन या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण ते पेट घेत नसले, गोड वासाचे असले आणि क्लोरोफॉर्मपेक्षा बरेच सुरक्षित असले, तरी स्वभावाने त्याच कुळातले आहे. ते हृदयाचे आकुंचन लक्षणीय कमी करते आणि ॲड्रेनलिनला हृदय हळवे करते. हॅलोथेन कोठाराची कॅल्शियम सोडणारी दारे गळती ठेवते, त्यामुळे पहिल्या काही ठोक्यांत बळ वाढल्यासारखे दिसते, पण लवकरच साठा रिकामा होतो. उरणच्या खाजण जमिनीवरील बांधाची उघाडी नीट बंद झाली नाही तर भरतीचे पाणी आत आले तरी साठून राहत नाही, तशीच ही गत आहे. आयसोफ्लुरेन आवरणावरची दारे मंदावते, पण कोठार अशा रीतीने गळते ठेवत नाही, म्हणून तेवढ्याच गुंगीसाठी त्याने हृदयाचे बळ हॅलोथेनपेक्षा कमी घटते. आज सर्रास वापरले जाणारे सेव्होफ्लुरेनही याच सौम्य गटात बसते. शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांत थायोपेंटोन हृदयाला स्पष्टपणे मंदावते. केटामाइन पेशीवर थेट पाहिले तर दुबळेपणाच आणते, परंतु शरीरातील ॲड्रेनलिनसदृश संदेश वाढवून ते रक्तदाब टिकवते, आणि म्हणूनच ज्याचे हे राखीव संदेश आधीच संपले आहेत अशा अत्यवस्थ रुग्णात ते फसवे ठरू शकते.

मद्यार्काचा हृदयावरचा परिणामही याच वळणाचा आहे. पेशीपुरते पाहिले तर तो आकुंचन मंदावतो. पिणाऱ्याला तो उभारी वाटतो, कारण रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचा तापते आणि नाडी जलद चालते. १९०१ मध्ये अर्नेस्ट ओव्हरटन यांनी मद्यार्क, ईथर आणि क्लोरोफॉर्म यांची गुंगी आणण्याची ताकद त्यांच्या चरबीत विरघळण्याच्या क्षमतेशी जुळते हे दाखवले तेव्हा हे सगळे एकाच कुटुंबातील आहेत, हे आकड्यांत सिद्ध झाले होते. हॅना ग्रीनरच्या घशात ओतलेली ब्रँडी म्हणजे त्या दृष्टीने क्लोरोफॉर्मने दमलेल्या हृदयावर त्याच्याच भावंडाचा आणखी एक घाव होता. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसात मेंदू सरावतो, त्यामुळे त्याला भूल अधिक लागते. हृदयाचा स्नायू मात्र सरावत नाही, काहींत तो पातळ, ताणलेला आणि अशक्त होत जातो. म्हणजे ज्याला जास्त मात्रा द्यावी लागते, नेमका तोच रुग्ण ती मात्रा सोसण्यास सर्वांत कमी समर्थ असू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ दारूबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यांना खरे उत्तर देण्यात रुग्णाचे अतिशय प्रत्यक्ष हित असते, आणि ज्या किनाऱ्यावर दारू हा एकेकाळी प्रमुख उद्योग होता तेथील घरांत हे लपवून ठेवण्याची सवय मोडली तर बरे होईल.

१९६० च्या दशकात एगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कातडीला छेद दिला असता निम्मे रुग्ण हलत नाहीत ती वाफेची किमान तीव्रता, असे एक माप रूढ केले. हॅलोथेनसाठी ती सुमारे पाऊण टक्का, आयसोफ्लुरेनसाठी सव्वा टक्क्याच्या थोडी खाली आणि सेव्होफ्लुरेनसाठी सुमारे दोन टक्के असते. त्यामुळे समान गुंगीत हृदयाचे बळ कोणत्या औषधाने किती कमी होते ही तुलना प्रथमच न्याय्य रीतीने करता आली. याच तुलनांमधून १९९७ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. प्राण्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा तोडण्यापूर्वी आयसोफ्लुरेन दिले असता स्नायूचा कमी भाग मरतो, आणि त्यात पेशीतील पोटॅशियमच्या विशिष्ट मार्गांचा वाटा असतो. आकुंचन मंदावणारे औषध स्नायूला वाचवतेही, ही कल्पना इतकी आकर्षक होती की बायपास शस्त्रक्रियेत वायुरूप भूल देणे हेच श्रेयस्कर, असे अनेक केंद्रांत मानले जाऊ लागले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३ देशांतील ५,४०० रुग्णांच्या चाचणीत मात्र बायपास शस्त्रक्रियेनंतर वर्षभरातील मृत्यूंमध्ये वायुरूप भूल आणि शिरेतून दिलेली भूल यांत फरक आढळला नाही.